आडवे इंजिन आणि हरवलेली ठिणगी

जुनी मोटार ओढेनाशी झाली, धक्के देऊ लागली, की ‘इंजिन गेले’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मग कुठून तरी सेकंडहँड इंजिन आणले जाते आणि मूळ इंजिन भंगारात जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या छोट्या गाड्यांच्या बाबतीत हा निवाडा पुष्कळदा घाईचा असतो. तसे का होते, हे कळण्यासाठी या गाड्यांची मांडणी समजून घ्यावी लागते.

१९५६च्या सुएझ संघर्षानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्याकडे छोट्या गाडीचे काम सोपवले. १९५९ साली आलेल्या त्यांच्या ‘मिनी’त ८४८ सीसीचे इंजिन आडवे बसवले होते आणि गिअरबॉक्स त्याच्याच तळाशी, तेलाच्या चेंबरमध्ये होता. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट उरला नाही, त्यामुळे जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसे बसू शकली. पण या मांडणीत डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीमागे आला. पावसाचे पाणी थेट त्यावर उडे आणि गाडी बंद पडे. मग लोक रबरी हातमोज्याच्या बोटांची टोके कापत, त्यांतून वायरी काढत आणि तो मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवत. इंजिन धडधाकट होते. ठिणगी वाटेत हरवत होती.

आपल्याकडे आडव्या इंजिनाची ओळख घरोघरी करून दिली ती डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८००ने. त्याआधीच्या अ‍ॅम्बॅसिडर आणि कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने असे, आणि मेकॅनिकला दोन्ही बाजूंनी हात घालायला जागा असे. मारुतीत ७९६ सीसीचे इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, सगळे दाटीवाटीने. शिवाय सिलिंडर तीनच. चार सिलिंडरांपैकी एक बंद पडला तर पाव ताकद जाते. तिनांपैकी एक बंद पडला तर तिसरा हिस्सा. गाडी थरथरते, चढ चढत नाही. मालकाला वाटते, इंजिन संपले. प्रत्यक्षात एखाद्या वायरीतून करंट गळत असतो.

जुन्या इग्निशनची वाट अशी असते : बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात. पॉइंट उघडला, की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधल्या रोटरमार्फत पाळीपाळीने प्रत्येक प्लगला पोचतो. मिनिटाला ३००० फेरे असतील तर तीन सिलिंडरांना मिळून मिनिटाला ४५०० ठिणग्या लागतात. म्हणून या वाटेवरची बारीक खोटही जाणवते. कंडेन्सर बिघडला की पॉइंट जळतात. कॉइल कमजोर असेल तर गाडी तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर मुकाट्याने सुरू होते. कॅपला बारीक तडा असेल तर पावसाळी दमट हवेत त्रास वाढतो. अंधारात बॉनेट उघडून पाहिले तर वायरीवरून पळणारी निळसर ठिणगी डोळ्यांना दिसते.

निवाडा देण्याआधी एक चाचणी हवीच, ती म्हणजे कॉम्प्रेशनची. तिन्ही सिलिंडरांत दाब चांगला आणि जवळपास सारखा असेल, तर पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. मग ठिणगीची वाट आणि कार्ब्युरेटर तपासावा. एखाद्यात दाब पडलेला असेल, तरच इंजिन उघडण्याची किंवा बदलण्याची भाषा करावी.

बदलायचेच ठरले तरी काम नुसते इंजिन उचलून ठेवण्याचे नसते. आधी गिअर ऑइल काढून दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समधून सोडवावे लागतात. इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, ऑइल सील आणि टायमिंग बेल्ट बदलून घेणे शहाणपणाचे. नंतर तिथे हात पोचत नाही. ओम्नीतही ७९६ सीसीचेच इंजिन असे. पण ती मागच्या चाकांवर चाले आणि तिचे इंजिन लांबीच्या दिशेने बसे. त्यामुळे तिचे इंजिन आणले, तरी भोवतीचे भाग ८००चेच लावावे लागतात.

खरी गंमत पुढे आहे. बदललेले इंजिन सुरू होत नाही, तेव्हा दोष बहुधा पुन्हा ठिणगीच्या वाटेवर सापडतो. प्लगच्या वायरींचा १-३-२ हा क्रम चुकलेला असतो, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरलेला असतो, किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी जोडायची राहिलेली असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते. ही पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.

इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत करावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. नोंद नसेल तर गाडी विकताना किंवा विम्याचा दावा करताना इंजिन नंबर आडवा येतो.

एवढा खर्च आणि खटाटोप करण्याआधी कॉम्प्रेशन मोजायला आणि ठिणगी पाहायला एक तास पुरतो. त्या तासात कित्येक इंजिनांचे भंगारात जाणे टळू शकते.