ताळेबंदात न मावणारी मेट्रो

१ जुलै २०१३, सोमवार. नवी दिल्ली स्थानकातून विमानतळाकडे जाणाऱ्या एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोत माणसं नेहमीसारखी बॅगा ओढत चढली, डब्यातल्या रॅकवर सामान टाकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. गाडी कालचीच होती. रूळ, स्थानकं, सरकते जिने, सगळं कालचंच. बदलला होता तो फक्त कारभारी. हा मार्ग चालवणारी खासगी कंपनी आदल्या रात्री करारातून बाहेर पडली होती आणि त्या सकाळपासून दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशन, म्हणजे डीएमआरसी, गाड्या सोडत होती.

मला या गोष्टीचं राहून राहून नवल वाटतं. आपण घर बदललं तर गॅसचं कनेक्शन सुरळीत व्हायला आठवडा जातो. इथे विजेवर धावणारी, जमिनीखालून जाणारी, सिग्नलपासून ब्रेकपर्यंत वेगळ्याच जातीची यंत्रणा असलेली अख्खी रेल्वेलाइन एका रात्रीत हातात आली आणि चालत राहिली. २०१९च्या ऑक्टोबरात हेच पुन्हा घडलं. गुरुग्रामची रॅपिड मेट्रो बांधणारे आणि चालवणारे बाजूला झाले आणि तीही डीएमआरसीकडे आली. एअरपोर्ट लाइनवर तर पुढे त्याच रुळांवरचा वेग टप्प्याटप्प्यानं वाढवत सप्टेंबर २०२३मध्ये ताशी १२० किलोमीटरवर नेला.

डीएमआरसीपाशी असं काय होतं, जे त्या रुळांबरोबर विकत मिळत नव्हतं?

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला ‘बौद्धिक भांडवल’ म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण वस्तू ओळखीची आहे. आपल्या गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ आठवा. एक जुना कार्यकर्ता असतो. पाऊस आला की मांडवाचा कुठला कोपरा गळतो आणि कुठली माळ लावली की फ्यूज उडतो, हे त्यालाच माहीत असतं. मग एक वही असते, दरवर्षीच्या हिशेबाची, परवानग्यांची, कुणाला किती वाजता बोलवायचं याची. आणि पैसे विसर्जनानंतर चालतील म्हणणारा एक मांडववाला असतो. माणसाच्या डोक्यातलं, वहीत उतरलेलं आणि बाहेरच्यांच्या विश्वासात साठलेलं, असं हे तीन जागचं भांडवल. स्कँडिया नावाच्या स्वीडिश विमा कंपनीनं आपल्या १९९४च्या वार्षिक अहवालाला पुरवणी जोडून हे भांडवल जगापुढे मांडलं. लेइफ एडविनसन हे त्यामागचे गृहस्थ. संध्याकाळी कर्मचारी घरी गेल्यावर कंपनीत काय उरतं, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

हिशेबनिसांना हा प्रश्न आवडत नाही. आपल्याकडच्या ‘इंड एएस ३८’ या लेखामानकात स्पष्ट म्हटलं आहे, की कुशल कर्मचाऱ्यांचा चमू किंवा प्रशिक्षणातून आलेलं कसब सहसा कंपनीची मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, कारण त्यावर कंपनीचा पुरेसा ताबा नसतो. प्रशिक्षणाचा पैसा सरळ खर्चात जातो. म्हणजे यमुनेपलीकडे शास्त्री पार्कच्या मेट्रो डेपोत चालकांना शिकवायचा जो सिम्युलेटर आहे, तो यंत्र म्हणून ताळेबंदात असेल. पण त्यावर बसून ज्याच्या हाताला ब्रेकचा अंदाज आला, त्याचा तो अंदाज ताळेबंदाच्या लेखी अस्तित्वातच नाही. बघायला गेलं तर हिशेबनीसही चुकत नाही. तो अंदाज रोज रात्री जेवायला घरी जातो. उद्या दुसऱ्या मेट्रोनं जास्त पगार दिला तर तिकडेही जाईल.

मग हे अदृश्य धन दिल्लीत आलं कुठून? त्याचा बराच मोठा ओघ आपल्या कोकणातून आला आहे.

कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं १९९०मध्ये. रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकुरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, लहानमोठे मिळून जवळपास दोन हजार पूल. कातळ फोडायला स्वीडनहून यंत्रं आणली होती, आणि कातळ तसा प्रामाणिक असतो. फुटला की फुटला. खरा छळ केला मातीनं. गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण जांभ्याखालची ती माती पाणी प्यायली की लोण्यासारखी होते. आज खोदलेलं उद्या पुन्हा भरून यायचं. मजुरांचे जीवही गेले. या एका बोगद्यानं सगळ्या मार्गाला ताटकळत ठेवलं. अखेर २६ जानेवारी १९९८ला सगळी लाइन सुरू झाली. रत्नागिरीजवळ पानवलला ६४ मीटर उंचीचा पूल उभारताना वर पाळणे बांधून काम करण्यापेक्षा पुलाचा माथा एका टोकाला तुकड्यातुकड्यानं ओतायचा आणि पुढे ढकलत न्यायचा, ही रीत भारतात पहिल्यांदा वापरली गेली.

यातलं किती पुस्तकात सापडेल? थोडंफार. पण ठेकेदाराला केव्हा पैसे आधी द्यायचे, जमीनमालकाशी कसं बोलायचं, कुठला निर्णय जागेवरच घ्यायचा आणि कुठला बेलापूरच्या मुख्यालयात न्यायचा, हे ज्यांच्या अंगात मुरलं होतं, त्यांतले काही अभियंते पुढे श्रीधरन यांच्याबरोबर दिल्लीला गेले. नोव्हेंबर १९९७मध्ये श्रीधरन यांनी डीएमआरसीची सूत्रं घेतली तेव्हा पेडण्याची माती अजून पुरती हरलीही नव्हती. कोकणातली एक चीज तर जशीच्या तशी दिल्लीत आली. ते उलटं धावणारं घड्याळ होतं. किती दिवस झाले हे ते सांगत नाही, किती उरले ते दाखवतं. कार्यालयात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडेल असं ते टांगलेलं असायचं. हे ज्ञान म्हणायचं की दहशत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरा ओघ कोलकात्याचा, आणि तो कडू आहे. तिथल्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर १९७२ची, पहिली गाडी धावली ऑक्टोबर १९८४मध्ये आणि दमदम ते टॉलीगंज हा सलग मार्ग पुरा व्हायला १९९५ उजाडलं. रस्ते वरून उघडे खोदलेले, वर्षानुवर्षं तसेच. या मेट्रोच्या आखणीत सत्तरच्या दशकात श्रीधरनही होते. पुढे डीएमआरसीत त्यांच्या जागी आलेले मंगू सिंग हेही कोलकाता मेट्रोत काम करून दिल्लीत आले होते. काय करायचं नाही, याची एवढी मोठी शिकवणी देशात दुसरी नव्हती. दिल्लीत कामाच्या जागेभोवती नीटस कठडे उभे राहिले, मातीचे ट्रक बाहेर पडण्याआधी त्यांची चाकं धुतली जाऊ लागली, चावडी बाजारासारख्या दाट वस्तीखाली वरचा रस्ता न उघडता यंत्रानं बोगदा पोखरला गेला. ट्रकचं चाक धुणं ही मला एअरपोर्ट लाइनच्या वेगापेक्षा मोठी गोष्ट वाटते. ते कुणाला स्वतःहून सुचत नाही. आधी कुठल्यातरी शहरानं चिखल सोसलेला असावा लागतो.

तिसरं ज्ञान सरळ विकत घेतलं किंवा शिकून आणलं. जपानी कर्ज आलं, त्याबरोबर जपानी सल्लागार आले. सुरुवातीची काही माणसं हाँगकाँगच्या मेट्रोत शिकून आली. २४ डिसेंबर २००२ला शाहदरा ते तीस हजारी असा पहिला तुकडा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांसाठी खुला होताच दिल्ली अशी लोटली, की मौजेखातर येणाऱ्यांनी सध्या जरा थांबावं, अशी विनवणी करायची पाळी डीएमआरसीवर आली. हाँगकाँगच्या वर्गात हा धडा कुणी घेतला नसणार. पहिला टप्पा, सुमारे ६५ किलोमीटरचा, वेळापत्रकाच्या अडीच वर्षांहून जास्त आधी पुरा झाला.

आयतं ज्ञान वापरायचं म्हटलं तरी आधी आपला हट्ट सोडावा लागतो. श्रीधरन यांना जगातल्या बहुतेक मेट्रोंसारखा १४३५ मिलिमीटरचा रूळ हवा होता. रेल्वे मंत्रालयानं आपल्या १६७६ मिलिमीटरच्या रुंद रुळाचा आग्रह धरला. पहिल्या टप्प्याचे मार्ग म्हणून रुंद आहेत. पुढे ग्रीन आणि व्हायोलेट लाइनपासून अरुंद रूळ आला. आज रुंद रुळाच्या गाडीतून उतरून अरुंद रुळाची गाडी पकडणाऱ्या माणसाला दोन रुळांमधल्या सुमारे २४ सेंटिमीटरच्या फरकाचा पत्ता नसतो. त्या २४ सेंटिमीटरमुळे जगभर तयार असलेली गाड्यांची रचना आपल्याला जशीच्या तशी घेता येते की येत नाही, हे ठरतं.

एवढं कौतुक करताना १२ जुलै २००९ विसरून चालणार नाही. दिल्लीतल्या झमरूदपूरला मेट्रोच्या उभारणीच्या कामात खांबाचा बाहेर आलेला हात तुटला, वरचा गर्डर कोसळला आणि माणसं मेली. दुसऱ्या दिवशी ढिगारा उचलताना क्रेनच उलटल्या. श्रीधरन यांनी राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही. आयआयटीच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं रचना आणि बांधकामाच्या दर्जावर बोट ठेवलं आणि तशाच घडणीचे इतर खांब पुन्हा तपासले गेले. राजीनाम्याची बातमी झाली. मला मात्र ते पुन्हा तपासलेले खांब जास्त महत्त्वाचे वाटतात. संस्था शिकली की नाही हे तिथे कळतं, आणि त्याचं छायाचित्र कुणी काढत नाही.

श्रीधरन ३१ डिसेंबर २०११ला निवृत्त झाले तेव्हा जाळं सुमारे १९० किलोमीटरचं होतं. त्यानंतर ते दुपटीच्या आसपास वाढलं. एडविनसनच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात सापडतं. कर्ता पुरुष घरी गेला आणि वहीत बरंच काही उरलं. गाडी एक मिनिट उशिरा आली तरी उशीर मोजायचा, ही तिथली शिस्तही एका माणसाबरोबर निवृत्त झाली नाही.

ज्ञान माणसाच्या हातातून यंत्रात कसं उतरतं, याचाही तमाशा दिल्लीत पाहायला मिळतो. २८ डिसेंबर २०२०ला मजेंटा लाइनवर देशातली पहिली चालकाविना मेट्रो धावली. गाडी कुठे आहे, कुठली मागे पडते आहे, कुठलीला पुढे काढायचं, हे पाहणारी नियंत्रण प्रणाली मूळच्या परदेशी कंपनीकडूनच घ्यावी लागायची. तिच्यात काही बदलायचं तर पुन्हा त्यांच्याच दारात. डीएमआरसीनं भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सोबतीनं स्वतःची प्रणाली घडवली आणि फेब्रुवारी २०२३मध्ये रेड लाइनवर लावली. ज्या मार्गावर २००२मध्ये पहिली गाडी धावली, त्याच मार्गावर. वीस वर्षांत किती वेळा कुठली गाडी कुठे अडकली, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना प्रणालीकडून काय हवं ते नेमकं सांगता आलं.

आता हे धन विकायला काढता येतं, आणि त्याची गंमत अशी की विकून ते कमी होत नाही. नागपूर आणि पुण्याच्या मेट्रोचे आराखडे डीएमआरसीनं केले. जयपूर आणि कोचीत तिनं पहिली लाइन बांधून दिली. ढाक्याच्या पहिल्या मेट्रोच्या सल्लागार समूहात ती होती. सिमेंट एकदा ओतलं की संपतं. सल्ला मात्र देणाऱ्याला ढाक्याहून काहीतरी नवं शिकवून परत पाठवतो. मुंबईत कुलाबा ते सीप्झ या भुयारी मेट्रो-३ची मालकी मुंबईच्या महामंडळाकडे आहे, पण ती चालवायचं आणि निगा राखायचं दहा वर्षांचं काम २०२४मध्ये डीएमआरसीनं मिळवलं. कोकणात शिकलेली विद्या दिल्लीला जाऊन पोसली गेली आणि करारनाम्यावर सही होऊन समुद्रकाठी परत आली.

परवा गिरगावच्या स्थानकात गाडीची वाट पाहत उभा होतो. शेजारी भाजीची पिशवी सावरत एक काकू. त्यांनी विचारलं, “ही चालवतं कोण हो? आपली बेस्ट?”

“नाही, दिल्लीवाले.”

काकूंनी फलकावरची वेळ पाहिली, बोगद्यातून येणारा उजेड पाहिला आणि संशयानं माझ्याकडे पाहिलं. “मग एवढी वेळेवर कशी?”