वीरला उतरा, हिरकणीवाडीत चढा

रेल्वेच्या ॲपमध्ये रायगड शोधलंत तर ‘रायगढ’ नावाचं स्टेशन समोर येतं. ऐसपैस स्टेशन आहे, गाड्याही भरपूर थांबतात. अडचण एवढीच की ते छत्तीसगडात आहे आणि तिथून रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीला जायला कुणीही रिक्षावाला तयार होणार नाही. आपल्या रायगडाला स्टेशन नाही. जवळच्या महाडला नाही, शेजारच्या पोलादपूरलाही नाही. कोकण रेल्वे महाड शहराला बगल देऊन जाते, म्हणून महाडकरांचं स्टेशन वीर. त्याच्या अलीकडे गोरेगाव रोड. त्यातला ‘रोड’ फार मोलाचा, नाहीतर मालाड-गोरेगावची मंडळी इथे पिशव्या घेऊन उतरली असती.

परदेशातल्या खेड्यापाड्यांत फिरणारे हुशार लोक शहरापासून लांबचा पल्ला आगगाडीने मारतात, स्टेशनाबाहेर भाड्याची मोटार घेतात आणि मग गावोगाव हिंडतात. रायगडाची सहल नेमकी अशीच करावी लागते. फरक एवढाच की इथली भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट येते, आणि माझं ठाम मत आहे की तेच बरं.

एकेकाळी कोकण रेल्वे इथेच संपायची

आज वीर म्हटलं की पॅसेंजरवाले सोडून बाकीचे खिडकीतून बघतात आणि पुन्हा डुलकी घेतात. पण 1993 मध्ये रोहा ते वीर हा 47 किलोमीटरचा तुकडा सुरू झाला, तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्या कोकण रेल्वेचं शेवटचं टोक हेच होतं. सगळा मार्ग खुला व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडला. वीरचा दुसरा मान 2021 मधला. कोकण रेल्वेवर पहिल्यांदा दुहेरी रूळ पडले तेही याच रोहा-वीर टप्प्यावर. वीरच्या पुढे पुन्हा एकेरी, आणि एकेरी म्हणजे क्रॉसिंगसाठी थांबणं, म्हणजे शेंगदाणे. तुम्ही वीरलाच उतरणार असल्यामुळे ही कटकट दुसऱ्यांची.

एक्सप्रेसने यायचं असेल तर माणगाव पाहा. तिथे थांबणाऱ्या गाड्या जास्त आहेत.

सीटवर की स्पेशल?

स्टेशनाबाहेर आलात की हा एकच प्रश्न. सीटवर म्हणजे रिक्षा किंवा मिनीडोअर भरेपर्यंत थांबायचं, आणि ‘भरली’ हे तुम्ही नाही, ड्रायव्हर ठरवणार. मागे माणसं बसली, मांडीवर पिशव्या आल्या, तुम्हाला वाटतं आता निघणार. तेवढ्यात ड्रायव्हर बाहेर मान काढून प्लॅटफॉर्मच्या दिशेने ‘महाऽड, महाऽड’ असा आणखी एक पुकारा देतो आणि खरोखर कुणीतरी धावत येतं. ते माणूस अर्ध्या सीटवर बसतं. मग गाडी निघते.

स्पेशल म्हणजे अख्खी गाडी तुमची. वीर ते महाड दहा-बारा किलोमीटर, महाड ते पाचाड सुमारे चोवीस, त्यापुढे थोडं गेलं की हिरकणीवाडी. माणसं चार असतील तर स्पेशल परवडते. पण कुटुंबात पंचाहत्तरी ओलांडलेली आजी आणि बरोबर आई-मावशी असतील तर हिशोब बदलतो. राज्यात एसटी आजीला फुकट नेते आणि 2023 पासून बायकांना अर्ध्या तिकिटात. अशा घरांनी महाड स्टँडवर पाचाडकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी आधी करावी, रिक्षावाल्याशी घासाघीस नंतर.

पाटी वाचायला शिका

भाड्याची गाडी लांबून ओळखता येते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असली की ड्रायव्हर असलेली टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली की गाडी भाड्याची, पण चालवायची तुम्हीच. पुढे एमएच 06 दिसलं की गाडी रायगड जिल्ह्याची, म्हणजे ड्रायव्हरला खड्डे पाठ असण्याची शक्यता जास्त. पोलादपूरला जायचं ठरवलंत तर हे पाठांतर कामाला येतं. तिथल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरला चढता येतं. पावसाळ्यात हा घाट कधी दरडीने बंद पडेल याचा भरवसा नाही. मोबाइलमधला नकाशा बिनधास्त सरळ जायला सांगतो. इथला ड्रायव्हर समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याकडे बघून नुसती मान उडवतो, पलीकडून हाताचा इशारा येतो आणि घाट चालू आहे की नाही ते कळतं.

स्वित्झर्लंडमध्ये स्टेशनावर भाड्याची गाडी देण्यासाठी ‘मोबिलिटी’ नावाची सहकारी संस्थाच आहे, 1997 पासूनची. तिच्या लाल गाड्या रेल्वे स्टेशनांवर उभ्या असतात, सभासद येतात, गाडी उघडतात आणि निघतात. सहकार म्हटल्यावर आपल्याला साखर कारखाना आणि पतपेढी आठवते, तिथे मोटारही सहकारात. महाडच्या कुणाला तिकडे जाऊन भाड्याने गाडी चालवायची हौस असेल तर पेणच्या आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढता येतं. ते एक वर्ष चालतं. उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय मात्र आरटीओ लावून देत नाही.

मोटारीलाच आगगाडीत बसवलं तर?

हा प्रयोग रायगड जिल्ह्यातच झालाय. कोकण रेल्वेची रो-रो सेवा 1999 मध्ये कोलाडहून सुरू झाली. मालाने भरलेले ट्रक वॅगनवर चढवायचे आणि थेट गोव्यात वेर्ण्याला उतरवायचे. रुळावरून जाणारे ट्रक, त्यांच्या केबिनमध्ये निवांत बसलेले ड्रायव्हर-क्लीनर, खाली दऱ्या, मधेच बोगदे. कोकण रेल्वेवरचं याहून गमतीचं दृश्य मला तरी माहीत नाही.

2025 च्या गणपतीत हीच सोय खासगी मोटारींना मिळाली. एका फेरीत 40 मोटारी, एका मोटारीचं भाडं 7,875 रुपये. माणसांनी मात्र मोटारीत बसायचं नाही, गाडीला जोडलेल्या डब्यात वेगळं तिकीट काढून बसायचं. संध्याकाळी कोलाड, पहाटे वेर्णा. कल्पना झकास, पण गर्दी काही उसळली नाही. कारण उघड होतं: गणपतीला जाणाऱ्याला गोव्यात उतरायचं नसतं, मधल्या आपल्या गावात उतरायचं असतं. मग सिंधुदुर्गात नांदगाव रोडचा थांबा वाढवला. स्वित्झर्लंडमध्ये कांडरश्टेग ते गोपेनश्टाइन असा पर्वताखालचा प्रवास लोक आपापल्या मोटारीत बसूनच आगगाडीवरून करतात, पण तो पंधरा-वीस मिनिटांचा मामला. कोलाड-वेर्णा रात्रभर मोटारीत बसायचं म्हणजे मानेची वाट.

बोट आणि पायी

रेल्वे नव्हती तेव्हाही महाडला वाहनं बदलत बदलतच यावं लागे. 1927 च्या डिसेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी निघाले ते 24 तारखेला, मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने. धरमतरवरून मोटारीचा रस्ता होता, पण बसवाले ऐनवेळी नकार देतील ही भीती होती. म्हणून शेकडो प्रतिनिधींसह सावित्रीच्या खाडीतलं दासगाव बंदर गाठायचं आणि उरलेले पाचेक मैल चालायचं असं ठरलं. मंडळी 25 तारखेला पोचली आणि त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. आज मुंबई-गोवा महामार्गावरून दासगाव मागे पडतं. पुढच्या वेळी ड्रायव्हरला तिथे गाडी हळू घ्यायला सांगा.

हिरकणी, सगळीकडे हिरकणी

गवळण हिरकणी तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरली, ही गोष्ट शाळेपासून पाठ. पण प्रवासात तिचं नाव किती ठिकाणी भेटतं हे मोजलंय कुणी? 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून एसटीच्या निमआराम गाडीला एशियाड म्हणू लागले, तीच पुढे ‘हिरकणी’ झाली. एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनांवर आयांना बाळाला पाजण्यासाठी असलेली खोली म्हणजे हिरकणी कक्ष. आणि खुद्द तिच्या वाडीत 1996 पासून रोपवेचं खालचं स्टेशन आहे. चारशे मीटर उंची चार-पाच मिनिटांत. वारा-पाऊस फार झाला की पाळणा बंद, मग पायऱ्या. पायऱ्यांवर गावातल्या बायका ताक आणि काकडी घेऊन बसलेल्या असतात, म्हणजे गडावर दूधदुभतं विकायचा धंदा अजून चालू आहे.

वर बाजारपेठेत गाइड हमखास सांगणार की दुकानांची जोती उंच ठेवली ती घोड्यावरूनच खरेदी करता यावी म्हणून. खरं-खोटं इतिहासकार बघतील, पण ड्राइव्ह-इनची कल्पना इतकी जुनी असेल तर आवडेल.

एक व्यवहाराची गोष्ट. सुट्टीच्या दिवशी रोपवेची रांग तासन्‌तास हलत नाही आणि खाली स्पेशल गाडीचं वेटिंग चालू असतं. म्हणून ड्रायव्हरशी वेटिंगचा दर वीरलाच ठरवा, हिरकणीवाडीत नको. आणि त्याचं जेवणही आपल्यात धरा. कुठल्या घरात पिठलं-भाकरी गरम मिळते हे त्यालाच माहीत असतं.