गेम बॉयमधला गंज

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरात हेमॅटाइट हे लोहखनिज आहे. ते म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. जुने व्हिडिओ गेम जमवणाऱ्यांना त्याचा भाऊबंद सेलच्या खोबणीत भेटतो: गंज!

निन्टेन्डोचा १९८९ सालचा 'गेम बॉय' चार पेन्सिल सेलवर चालतो. आत विसरलेला अल्कलाइन सेल पाझरला, की त्यातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पांढरी पूड साचते. स्प्रिंगवरचा मुलामा उडाला, की दमट हवेत आतले पोलाद गंजते. खनिजातला जो ऑक्सिजन आपण भट्टीत काढून टाकला, तो लोखंड पुन्हा मिळवते.

पांढरी पूड हातमोजे घालून व्हिनेगरने पुसता येते. झिजलेली स्प्रिंग मात्र भरून येत नाही. म्हणून जुना खेळ असो की प्रयोगशाळेतला टॉर्च, सुट्टीपूर्वी सेल काढून ठेवावेत.