खेळांतील विसांवा आणि तंबोरा

उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या नाशिकच्या वाड्याची माडी मुलांच्या ताब्यांत जाते. पूर्वीं तेथें पत्ते आणि सोंगट्या चालत. अलीकडे एक निराळाच खेळ चालतो. टेबलाभोंवतीं पांचसहा मुलें बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो; कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी शाहीर. एक जण सूत्रधार होऊन कथा सांगतो, "पुढें दरी आहे, काय करतां?" असें विचारतो, आणि धाडस साधलें कीं फसलें, याचा निर्णय फाशांनीं होतो. या जातीचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा प्रसिद्ध खेळ अमेरिकेंत १९७४ सालीं निघाला.

लढाई, पलायन, खजिना हें सर्व यांत आहेच. परंतु मला नवल वाटलें तें विसांव्याच्या नियमांचें. या खेळाच्या २०१४ सालच्या आवृत्तींत निदान एका तासाचा लहान विसांवा आणि आठ तासांचा मोठा विसांवा, अशी वांटणीच केलेली होती. थकल्याभागल्या पात्राची शक्ति त्यांत भरून येई. इतकेंच नव्हे, तर शाहिरानें विसांव्यांत गायन केल्यास जखमी सोबत्यांस अधिक शक्ति परत मिळे, असाहि नियम होता.

अशाच एका विसांव्याच्या प्रसंगीं सूत्रधार झालेल्या थोरल्या नातीनें मला हांक मारली. "आजोबा, आमची मंडळी अरण्यांत शेकोटीभोंवतीं बसली आहे. मागें हळू कांहीं तरी लावायचें आहे. तुम्ही सांगा ना!" मला प्रथम हें रुचलें नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं उत्तर आयुष्यांत ज्या नाशकांत रामनाम-आधार आश्रम स्थापून वास्तव्य केलें, त्या गांवचा मी. संगीत कान देऊन ऐकावें, बोलण्यामागें लावूं नये, हाच आमचा संस्कार. तरी नातीचें मन मोडवेना. वेळ रात्रीची, म्हणून मीं एका नामांकित गायकाच्या बागेश्री रागाचें ध्वनिमुद्रण लावून दिलें.

परिणाम काय झाला? मुलें बंदिशीचे शब्द ऐकूं लागलीं, द्रुत लयींत तबला रंगला तेव्हां एकानें टेबलावर ठेका धरला, आणि मी स्वतः मोठ्यानें "वाहवा!" म्हणून गेलों. कथा जागच्या जागीं थांबली. नात हंसून म्हणाली, "आजोबा, विसांवा मोडला कीं!"

एरिक साती या फ्रेंच संगीतकाराची गोष्ट मला तेव्हां आठवली. घरांतील मेजखुर्च्यांप्रमाणें नुसतें भोंवतीं असावें, कोणीं लक्ष देऊं नये, असें संगीत त्यानें रचलें. १९२० सालीं पॅरिसमध्यें एका नाटकाच्या मध्यंतरांत तें वाजूं लागतांच लोक बोलणें टाकून ऐकूं लागले, आणि 'बोलत राहा, हिंडत राहा' अशी विनवणी त्यालाच करावी लागली.

आमच्या गांवास तरी ही विद्या परकी कोठें होती? त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ नंतर नाशकांत मूकपट काढले. त्या काळीं पडद्याजवळ बसून पेटीवाले व तबलजी प्रसंगास साथ करीत. साथीदारानें प्रसंगाहून मोठें व्हावयाचें नसतें. माझी चूक हीच, कीं साथीदाराच्या जागीं मीं बैठकीच्या गवयास बसविलें.

दुसऱ्या रात्रीं मीं नुसता तंबोरा छेडला : पंचम, दोन षड्ज आणि खर्ज. त्यांत शब्द नाहींत, ठेका नाहीं, पुढें काय येणार ही उत्सुकताहि नाहीं. मुलें आपोआप हळू बोलूं लागलीं. माझ्या दिवंगत पुतण्याचा मुलगा वैद्य होऊन बसला होता. वडील गेल्यापासून वर्षभर हा मुलगा घरांत कामापुरतेंच बोले. शेकोटीपाशीं त्याची पाळी आली तेव्हां त्याचा वैद्य म्हणाला, "माझे बाबा गेले तेव्हां माझ्याजवळ औषध नव्हतें." कोणींहि फासा टाकला नाहीं. मग योद्धा झालेली माझी धाकटी नात म्हणाली, "आज पहारा मी करतें. तूं नीज." मीं तंबोरा छेडीतच राहिलों, थांबण्याचा धीर झाला नाहीं.

ज्यांच्या घरीं हा खेळ चालतो, त्यांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. विसांव्याच्या वेळीं शब्दांचें गाणें नको. ओळखीची चाल तर नकोच, कारण मन तिच्यामागें धांवतें. आवाज बोलणाऱ्याच्या आवाजाखालीं असावा. लढाईचे सूर विसांव्यास लावूं नयेत. आणि खेळांत पहांट झाली, कीं सूर हळूहळू बंद करावे. मागें उरलेली शांतता हाहि विसांव्याचाच भाग होय.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं त्या मुलानें आईला विचारलें, "बाबांचा गंगेवरचा जुना फोटो कोठें ठेवला आहेस?" हें तंबोऱ्यानें केलें, असें मी म्हणणार नाहीं. तें भावंडांच्या संगतीनें केलें. तंबोऱ्यानें फक्त त्यांच्या बोलण्यास जागा करून दिली. संगीतास मागें बसविण्यांत त्याचा अपमान होतो, असें मात्र मी आतां म्हणत नाहीं.