इंडियन ओशन : चित्रपटसंगीताच्या छायेबाहेरील तीन दशकांची वाटचाल

भारतात लोकप्रिय संगीत म्हणजे चित्रपटगीत, हे समीकरण अनेक दशके रूढ आहे. या समीकरणाबाहेर राहून, स्वतःची गाणी स्वतः रचून आणि स्वतःच सादर करून एखादा कलावंतांचा गट तीस वर्षांहून अधिक काळ टिकू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचे उदाहरण हमखास दिले जाते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या बँडने लोकगीते, प्रार्थना, संतकाव्य आणि पाश्चात्त्य रॉक संगीत यांच्या मेळातून स्वतःची शैली घडवली. मात्र या बँडचे महत्त्व केवळ शैलीपुरते मर्यादित नाही. आपल्या संगीताचे निर्णय कोणी घ्यायचे आणि त्यातून उपजीविका कशी करायची, या दोन प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरे नंतरच्या अनेक स्वतंत्र कलावंतांना मार्गदर्शक ठरली.

‘स्वतंत्र’ बँड म्हणजे काय?

मराठीत बँड म्हटले की अजूनही लग्नाच्या वरातीतील पथक डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत असलेला बँड म्हणजे गायक-वादकांचा असा छोटा गट, जो संगीतरचना, वादन आणि गायन या तिन्ही गोष्टी एकत्रितपणे करतो. चित्रपटसंगीतात गीतकार, संगीतकार, गायक आणि वादक यांची कामे वेगवेगळी असतात आणि गाणे कथेच्या गरजेनुसार तयार होते. बँडच्या बाबतीत गाणे हेच मूळ काम असते.

ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केल्यास स्टुडिओचा, ध्वनिफिती तयार करण्याचा आणि वितरणाचा खर्च कंपनी करते. त्या बदल्यात ध्वनिमुद्रणाचे हक्क सहसा कंपनीकडे जातात आणि कलावंताला विक्रीतील ठरावीक हिस्सा मिळतो. स्वतंत्र कलावंत या व्यवस्थेपासून पूर्णपणे किंवा अंशतः दूर राहतो. खर्च आणि जोखीम त्याची, पण काय गायचे, कधी प्रसिद्ध करायचे आणि कोणत्या मार्गाने श्रोत्यांपर्यंत जायचे याचा निर्णयही त्याचाच असतो.

दिल्लीतील सुरुवात

गिटारवादक सुश्मित सेन आणि तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती यांची ओळख १९८४ मध्ये झाली. काही वर्षांच्या एकत्र सरावानंतर १९९० मध्ये बँडची स्थापना झाली. ‘इंडियन ओशन’, म्हणजे हिंदी महासागर, हे नाव सुश्मित सेन यांच्या वडिलांनी सुचवले होते. १९९१ मध्ये राहुल राम बास गिटारवादक आणि गायक म्हणून सहभागी झाले. १९९४ मध्ये ड्रमवादक अमित किलम आले आणि पुढे पंधरा वर्षे कायम राहिलेला चौघांचा संच पूर्ण झाला.

त्या काळात देशातील बहुतेक रॉक बँड महाविद्यालयीन महोत्सवांतून इंग्रजी गाण्यांचे अनुकरण करीत असत. इंडियन ओशनने हा मार्ग स्वीकारला नाही. सेन यांच्या गिटारवादनात हिंदुस्थानी रागसंगीताची छाया होती. चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवीत आणि त्याच वेळी गात असत. किलम ड्रमबरोबरच गबगुबी हे बाउल परंपरेतील वाद्य वाजवू लागले. महाराष्ट्रातील वाचकांना हे वाद्य अपरिचित वाटणार नाही, कारण देवीच्या भक्तांच्या हाती दिसणाऱ्या चौंडक्याशी त्याचे जवळचे नाते आहे. दोन्हींत चामड्याला जोडलेली तार ताणून छेडली जाते.

बँडचा पहिला संग्रह १९९३ मध्ये एचएमव्ही कंपनीने प्रकाशित केला. परंतु तो काळ चित्रपटगीतांच्या ध्वनिफितींचा होता. शब्दांपेक्षा वादनाला अधिक जागा देणाऱ्या, दीर्घ आणि कोणत्याही ठरलेल्या प्रकारात न बसणाऱ्या रचनांना त्या बाजारपेठेत मोठे स्थान मिळणे अवघड होते. दुसऱ्या संग्रहासाठी चार वर्षे जावी लागली.

१९९७ मध्ये आलेला ‘डेझर्ट रेन’ हा तो संग्रह. दिल्लीत नाट्यकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ या संस्थेने आयोजित केलेल्या कार्यक्रमातील प्रत्यक्ष सादरीकरणाचे हे ध्वनिमुद्रण होते आणि ते कंपनीच्या पाठबळाशिवाय प्रकाशित झाले. स्टुडिओचा खर्च टळला आणि श्रोत्यांसमोर वाजवताना बँडमध्ये येणारी ऊर्जाही ध्वनिफितीत उतरली. रंगमंच हाच आपला मुख्य आधार, हे सूत्र येथून स्पष्ट होऊ लागले.

नर्मदेच्या खोऱ्यातून आलेले गाणे

राहुल राम यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. भारतात परतल्यावर ते नर्मदा बचाओ आंदोलनात सक्रिय झाले. सरदार सरोवर प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात मध्य प्रदेश आणि गुजरातबरोबरच महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील आदिवासी गावेही होती. आता नंदुरबार जिल्ह्यात असलेले हे तालुके त्या वेळी धुळे जिल्ह्यात मोडत असत. अशा आंदोलनात गाणे हे करमणुकीचे साधन नसते. सभा सुरू होण्यापूर्वी, पदयात्रेत आणि धरणे आंदोलनाच्या रात्री लोकांना एकत्र ठेवण्याचे काम ते करते.

नर्मदेचे स्तवन करणारे ‘मा रेवा’ हे लोकगीत याच खोऱ्यातून बँडपर्यंत पोहोचले. २००० मध्ये टाइम्स म्युझिकने प्रकाशित केलेल्या ‘कंदिसा’ या संग्रहात त्याचा समावेश झाला. याच संग्रहातील ‘हिल्ले ले’ हे गीत क्रांतिकारी कवी गोरख पांडे यांच्या भोजपुरी रचनेवर आधारलेले आहे, तर ‘कंदिसा’ ही केरळमधील सीरियन ख्रिस्ती समाजाच्या उपासनेतील सुरियानी भाषेतील प्राचीन प्रार्थना आहे. या भाषेचा एकही शब्द न समजणाऱ्या श्रोत्यांनीही हे गाणे आपलेसे केले आणि बँडला देशव्यापी ओळख मिळाली.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. लोकगीत कोणाचे? ज्या समाजाने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले त्याला कायद्याने कोणताही स्वामित्वहक्क मिळत नाही. शहरी कलावंताने त्याची नवी मांडणी केली की त्या ध्वनिमुद्रणाला मात्र हक्क प्राप्त होतो. इंडियन ओशनबाबत इतके नोंदवता येते की, ‘मा रेवा’ बँडमधील एका सदस्याच्या खोऱ्यातील प्रत्यक्ष कामातून आले आणि ते नदी व तिच्या काठच्या लोकांची ओळख पुसून सादर केले गेले नाही. तरीही लोकपरंपरेवर उभ्या असलेल्या प्रत्येक बँडला हा प्रश्न टाळता येत नाही.

२००३ मध्ये ‘झिनी’ हा पुढचा संग्रह आला. त्याचे शीर्षकगीत कबीराच्या प्रसिद्ध पदावर आधारित आहे.

चित्रपटाशी नाते, पण स्वतःच्या अटींवर

चित्रपटाबाहेर राहणे म्हणजे चित्रपटाला विरोध करणे नव्हे. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोट मालिकेवर अनुराग कश्यप यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटाला इंडियन ओशनने संगीत दिले. खटल्याचा निकाल लागेपर्यंत प्रदर्शनाला न्यायालयाने मनाई केल्यामुळे हा चित्रपट फेब्रुवारी २००७ मध्ये प्रदर्शित झाला. संगीत मात्र त्याआधीच श्रोत्यांपर्यंत पोहोचले होते. पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले ‘बंदे’ हे गीत बँडच्या कार्यक्रमांतील सर्वाधिक मागणी असलेल्या गीतांपैकी एक ठरले.

पुढे ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) आणि नीरज घेवान दिग्दर्शित ‘मसान’ (२०१५) या चित्रपटांतही बँडचे संगीत होते. ‘मसान’मधील ‘तू किसी रेल सी’ हे गीत इंदूरच्या मराठी कुटुंबात वाढलेल्या स्वानंद किरकिरे यांनी गायले. बँडने मोजकेच चित्रपट स्वीकारले आणि स्वतःची शैली बदलली नाही. त्यामुळे चित्रपट हे त्याच्यासाठी नव्या श्रोत्यांपर्यंत नेणारे माध्यम राहिले, उपजीविकेचा एकमेव आधार बनले नाही.

एक मृत्यू आणि एक धाडसी निर्णय

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती यांचे हृदयविकाराने निधन झाले. बँडचा प्रमुख आवाज आणि तालाचा कणा एकाच वेळी हरपला. त्यांच्या सहभागाने तयार झालेली गाणी प्रसिद्ध व्हायची होती. त्याच वेळी संगीताची बाजारपेठही बदलत होती. कॅसेट जवळजवळ नाहीशी झाली होती, सीडीची विक्री घटत होती आणि गाण्यांच्या अनधिकृत प्रती संगणकावरून संगणकावर मुक्तपणे फिरत होत्या.

या परिस्थितीत बँडने नवा संग्रह विक्रीला न काढता जुलै २०१० पासून दरमहा एक गाणे आपल्या संकेतस्थळावरून विनामूल्य उपलब्ध करून देण्याचा निर्णय घेतला. ‘१६/३३० खजूर रोड’ हे या सात गाण्यांच्या संग्रहाचे नाव म्हणजे दिल्लीच्या करोल बाग भागातील त्या जुन्या घराचा पत्ता, जेथे बँड अनेक वर्षे सराव करीत असे.

हा निर्णय भावनिक वाटला तरी त्यामागे रोकडा हिशोब होता. संग्रहांच्या विक्रीतून बँडच्या हाती फारसे काही येत नव्हते. खरे उत्पन्न प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या मानधनातून येत होते. गाणे जितक्या अधिक लोकांपर्यंत पोहोचेल तितकी कार्यक्रमांची मागणी वाढेल, म्हणून गाण्याकडे विक्रीची वस्तू म्हणून न पाहता निमंत्रण म्हणून पाहणे बँडला अधिक लाभदायक होते.

मात्र या मार्गाला मर्यादा आहेत. वीस वर्षांत श्रोतृवर्ग तयार झालेल्या बँडला जे परवडते ते नवोदितांना परवडेलच असे नाही. कार्यक्रमांवर अवलंबून राहायचे तर अखंड प्रवास आणि शरीरश्रम अटळ ठरतात. कार्यक्रम थांबले की उत्पन्न थांबते, याचा कटू अनुभव २०२० मधील टाळेबंदीत देशभरातील कलावंतांना आला. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे गीतकार आणि संगीतकारांचा स्वामित्वधनावरील हक्क बळकट झाला, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब होय.

संस्थापकांनंतरचा बँड

हिमांशू जोशी (गायन) आणि तुहिन चक्रवर्ती (तबला) यांच्या सहभागाने बँड पुन्हा उभा राहिला. बँडच्या प्रवासावरील जयदीप वर्मा दिग्दर्शित ‘लीव्हिंग होम’ हा माहितीपट २०१० मध्ये चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. २०१३ मध्ये सुश्मित सेन बँडमधून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी निखिल राव आले. अशा रीतीने दोन्ही संस्थापकांशिवाय बँडची वाटचाल सुरू झाली. २०१४ च्या ‘तंदानू’ या संग्रहात शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट आदी नामवंत पाहुणे कलावंत म्हणून सहभागी झाले. त्यानंतर नवा संग्रह येण्यास जवळपास नऊ वर्षे लागली. ‘तू है’ हा तो संग्रह २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

सेन यांच्या गिटारशिवाय आणि चक्रवर्तींच्या आवाजाशिवाय हा तोच बँड आहे का, असा प्रश्न जुने श्रोते विचारतात आणि तो गैरलागू नाही. पूर्वीचा नाद बदलला आहे. तथापि बँडच्या रचना एका व्यक्तीच्या नावावर न राहता सामूहिक मानल्या गेल्या. ‘मा रेवा’ किंवा ‘कंदिसा’ यांसारखी गीते तर बँडच्याही आधीपासून लोकांच्या मुखी होती. कीर्तनात टाळकरी बदलतात, बुवाही बदलतात, पण अभंग चालू राहतो. इंडियन ओशनच्या सातत्याचे एक कारण असेच आहे. राहुल राम आणि अमित किलम यांच्या रूपाने जुना धागा शिल्लक राहिला आणि नव्या सदस्यांनी तो पुढे नेला. स्वतंत्र बँडला स्वातंत्र्य मिळवावे लागते हे खरे, परंतु ते टिकवण्यासाठी व्यक्तींपलीकडे जाणारी गाणी आणि ती ऐकण्यासाठी पुन्हा पुन्हा येणारे श्रोते लागतात, हेच या वाटचालीतून दिसून येते.