ग्रुपमध्ये ‘जॅम’ भरवायचाय? मग एवढं करा!

जॅम म्हणजे एकच विषय, ठरलेली मुदत आणि प्रत्येकाने आपल्या परीने काहीतरी घडवणं. 🎨

२००२ पासून चालणाऱ्या ‘लुडम डेअर’मध्ये गेम बनवणारे मतदानाने विषय निवडतात. एकट्यासाठी ४८ तास, गटासाठी ७२. चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ मध्ये ‘इंकटोबर’ सुरू केलं: ऑक्टोबरभर शाईची चित्रं.

आपल्या चित्रांच्या, कवितांच्या, गाण्यांच्या ग्रुपलाही हे सहज जमेल:

✅ मुदत छोटी ठेवा. शुक्रवार रात्र ते रविवार रात्र पुरे.
✅ विषय मोकळा हवा. ‘उंबरठा’ किंवा ‘शेवटची एसटी’ यातून प्रत्येकाला वेगळं सुचतं. तो सुरुवातीलाच जाहीर करा, म्हणजे सगळे एकाच वेळी निघतात.
✅ अर्धवट कामही चालेल, हे आधीच सांगा. नवखे त्यामुळेच पुढे येतात.
✅ दुसऱ्याचं चित्र, चाल वापरायची तर परवानगी आणि श्रेय हवंच. एआय चालेल का, तेही ठरवा.
✅ नंबर काढू नका. त्याऐवजी प्रत्येकाने निदान दोघांच्या कामाबद्दल नेमकं काय आवडलं ते लिहावं.

बक्षिसापेक्षा मनापासून दिलेली दाद माणसाला पुन्हा कामाला बसवते. येत्या शनिवार-रविवारी करूनच बघा, आणि विषय कोणता ठेवलात ते कमेंटमध्ये सांगा! 👇