अक्रोडी मेजाचें पॉलिश

अहमदपुरास अक्रोडाचें लाकूड दृष्टीस पडणें हा योग विरळाच. आमच्या भागांतील कपाटें, पलंग, खुर्च्या बहुतेक सागवानी. परंतु काश्मीरची सहल करून आलेल्या एका स्नेह्यांनीं नक्षीचें अक्रोडी मेज आणलें, आणि वर्षाच्या आंतच मला तें पाहावयास बोलाविलें. मेजावर चहाच्या पेल्यांचीं पांढरीं वर्तुळें उमटलीं होतीं. तीं जावींत म्हणून कोणीसें सुचविल्यावरून घरांतील शेंगदाण्याचें तेल चोळलेलें; त्यावर धूळ बसून सारें मेज चिकट झालेलें!

येथें दोन चुका एकत्र आल्या होत्या. मेजावर मुळांत लाखेचें पॉलिश होतें. चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून केलेलें हें पॉलिश आरशासारखें चमकतें, पण ऊन भांडें आणि पाणी त्यास सोसत नाहीं. शोभेच्या कपाटास तें उत्तम, चहाच्या मेजास नव्हे. दुसरी चूक तेलाची. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. शेंगदाण्याचें तेल ओलेंच राहतें. जवस तर मराठवाड्यांतलेंच रब्बीचें पीक. आपण त्याची चटणी खातों, पण लाकडाकरितां त्याची आठवण होत नाहीं. मात्र कच्चें तेल फार सावकाश वाळतें, म्हणून रंगाच्या दुकानांतील बेलतेल घ्यावें.

प्रथम टर्पेंटाईननें चिकटा व मग स्पिरिटानें जुनें पॉलिश उतरविलें. नक्षींत मऊ कुंचला फिरविला. बारीक काचकागद रेषांच्या दिशेनेंच घासावा, आडवा नव्हे. बेलतेलाचा पातळ हात देऊन पाव तासानें फडक्यानें कोरडें पुसावें; पुसण्याचा आळस केला कीं पुन्हां चिकटा आलाच. तेल पुरतें वाळल्यावरच पुढचा हात. असे तीन हात पुरेत. शेवटीं थोडें मधमाश्यांचें मेण. पावसाळ्यांत हें काम काढूं नये, दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

रंग देण्याचा मोह मात्र टाळावा. गडद रेषा हेंच अक्रोडाचें वैभव आहे. शिवाय उन्हानें हें लाकूड काळवंडत नाहीं, उलट फिकें पडतें. तेव्हां मेज खिडकीपासून दूर असावें.

आतां सर्वांत महत्त्वाचें. बेलतेल वाळतांना उष्णता निर्माण होते. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकल्यास तो काडी न लावतां पेट घेऊं शकतो, आणि आमच्याकडील वैशाखांत तर विचारूंच नका. चिंध्या आधीं पाण्यांत भिजवाव्या, मग अंगणांत दोरीवर सुट्या पसरून वाळूं द्याव्या.